ओटी भरली, आता पिशवी भरा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सातवा महिना लागला की आपल्याकडे ओटी भरतात. नारळ, तांदूळ, हळकुंड, खारीक, हिरवे लुगडे, सगळे आठवणीने जमवले जाते. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची एक पिशवीही भरून ठेवा, असे मी माझ्या नोकरीत किती घरी सांगितले असेल, याचा हिशेब नाही. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलभागात परिचारिका म्हणून माझी उमर गेली. शहरातल्या बाईने शेवटच्या आठवड्यात पिशवी भरली तरी चालते. काही राहिलेच तर नवरा स्कूटरवर जाऊन घेऊन येतो. आपल्याकडे घरी राहिलेली वस्तू राहिलीच. भामरागडहून जिल्ह्याचे गाव गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. मध्ये नाले, घाट, जंगल. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षे बंद होत आला आहे. २०२४ च्या पावसाळ्यात त्याच तालुक्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून पुरातून पलीकडे न्यावे लागले. अशा वाटेवर निघताना हातात काय आहे, याला फार अर्थ असतो.

मला हे कळले ते एका जीपमध्ये. नव्वदच्या दशकातली गोष्ट. धानोरा तालुक्यातले गाव, पौषाचा महिना, रात्रीचे दोन वाजलेले. पहिलटकरीण होती. घरच्यांनी भाड्याची जीप आणली आणि मी सोबत बसले. तयारी केली नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. सासूने एक पत्र्याची पेटी भरून जीपच्या टपावर दोरीने बांधली होती. अर्ध्या वाटेवरच बाळ झाले. मी ओरडले, "कापड द्या!" सासू म्हणाली, "पेटीत हाय बाई, वरतं." दवाने दोरीची गाठ भिजून आवळली होती. ती सुटेपर्यंत दहा मिनिटे तरी गेली असतील. तोवर मी बाळाला माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळले, पण ओलेच. आईच्या उघड्या छातीवर त्याला ठेवायचे, हे तेव्हा मला कोणी शिकवले नव्हते. दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचे पाय गार पडले होते. वजन पावणेदोन किलो. तिसऱ्या दिवशी ते गेले.

थंडीनेच गेले असे मी म्हणणार नाही. वजन कमी होते, दिवसही पुरे नव्हते. पण पेटीत सगळ्यात खाली बाळाची दुपटी होती आणि सगळ्यात वर सासूने आपल्यासाठी घेतलेले पानपुड्याचे सामान होते, हे मी विसरू शकले नाही. तेव्हापासून माझा पहिला नियम असा: पेटी नको, बोचके नको, खांद्याला अडकवता येईल अशी कापडी पिशवी हवी. ती गाडीत मांडीवर राहिली पाहिजे आणि तिच्यात सगळ्यात वर बाळाची दोन कोरडी फडकी असली पाहिजेत. बाकीचे सामान टपावर गेले तरी हरकत नाही.

दोन फडकी का, ते सांगते. बाळ ओले जन्मते. अंगावरचे पाणी सुकताना अंगातली ऊब ओढून नेते. आपण नदीत बुडी मारून वाऱ्यात उभे राहिलो की जसे कुडकुडतो, तसेच. फरक इतकाच की नवजात बाळाला कुडकुडताही येत नाही. म्हणून पहिल्या फडक्याने डोके, पाठ, काखा नीट पुसायच्या आणि ते ओले फडके बाजूला टाकायचे. मग बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवून दुसऱ्या, कोरड्या फडक्याने दोघांना वरून झाकायचे. डोक्याला टोपी. वाटेतच बाळंतपण झाले तर नाळ कापायची घाई करू नका. घरचा विळा किंवा जुने ब्लेड तर अजिबात नको. नाळेसकट बाळ आईच्या छातीवर राहू द्या आणि गाडी चालू द्या.

आपल्या भागात या उबेचे महत्त्व किती आहे, हे आपल्याच भागात मोजले गेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोलीतल्या ३९ गावांत ७६३ नवजात बाळांवर घरोघर जाऊन लक्ष ठेवले. त्यातली शेकडा ९५ बाळंतपणे घरीच झाली होती आणि शेकडा ४२ बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. बाळ जितके हलके तितके ते लवकर थंड पडते. मग गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले गेले. त्यांच्याजवळही एक पिशवी असे. वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला श्वास देण्याचे साधन, औषधे, आणि बाळाला आत घालून झोपवायची उबदार झोळी. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, जिथे ही सोय नव्हती त्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि २०११ मध्ये देशभरच्या आशांना हे काम देण्यात आले. तेव्हा पिशवी बाळाच्या घरी यायची. आता बहुतेक बाया दवाखान्यात जातात, म्हणून पिशवी आपल्याला न्यायची आहे.

आता कपड्यांकडे येते, कारण इथेच घराघरांत वाद होतो. "लेकरू याच्या आंधी आंगडं नाई शिवत बाई," असे मला प्रत्येक गावात एक तरी म्हातारी सांगायची. सुरुवातीला मी वाद घालायची, नंतर सोडून दिले. तिचे अर्धे खरेच आहे. नवे कोरे, खळ असलेले कापड बाळाच्या अंगाला टोचते. जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर किंवा सुती लुगडे कितीतरी चांगले. मग मी म्हणू लागले, "शिवू नका आजी, नुसते फाडा." याला कोणाची हरकत नसे. दीड हात चौरसाची आठ-दहा फडकी, मोठ्या भावंडाची किंवा शेजारच्या बाळाची दोन-तीन झबली, एक टोपी, पायमोजे, लंगोट आणि एक हलकी गोधडी. झबल्याला बंद असावेत, गुंडी किंवा पिन नसावी. झाले, आंगडे न शिवता बाळाची तयारी झाली.

म्हातारीचे उरलेले अर्धे मात्र घातक आहे. बाळंतपणाचा कपडा विटाळाचा, तो घरात परत घ्यायचा नाही, म्हणून घरातले सगळ्यात मळके, कोपऱ्यात पडलेले चिरगुट त्यासाठी काढून ठेवतात. जुने चालेल, मळके चालणार नाही. साबणाने धुवा, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा आणि घडी करून प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत बांधा. सावलीत, चुलीवरच्या दोरीवर वाळवलेले कापड नको. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून आषाढातल्या बाळंतपणाची फडकी जेठातच वाळवून ठेवायची.

ऋतूचा आणखी एक मुद्दा. शहरातून येणाऱ्या छापील याद्यांत सगळीकडे लोकरीचा स्वेटर असतो. डिसेंबर-जानेवारीत तो हवाच. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, आणि तेव्हाही बाळाला टोपी, मोजे, स्वेटर, वरून गोधडी असे गुंडाळलेले मी पाहिले आहे. अशा बाळाला नुसत्या गुंडाळण्याने ताप चढतो. उन्हाळ्यात सुती झबले आणि एक पातळ दुपटे पुरते. बाळ कमी वजनाचे असेल तर सिस्टर सांगतील तसे करा. नेमके कळायला हाताची पाठ वापरा. बाळाचे पोट आणि पाय दोन्ही उबदार, तर ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर ऊब कमी पडते आहे. लगेच आईच्या छातीशी घ्या. पोटही गार लागले तर क्षणभर थांबू नका, सिस्टरला उठवा. रात्रीचे तीन वाजले असले तरी उठवा.

आईसाठी तीन-चार सुती लुगडी किंवा गाऊन, पण पुढून उघडणारे. हलक्या बाळाला दिवसदिवस छातीशी बांधून ठेवावे लागते, तेव्हा पुढून उघडणाऱ्या पोलक्याची किंमत कळते. वापरायच्या घड्या किंवा पॅड, साबण, कंगवा, टॉवेल, चपला, ताट-पेला, पाण्याची बाटली, एक चादर जास्तीची. बॅटरी आणि मोबाइलचा चार्जर. आमच्याकडे मलेरिया आहे, म्हणून मच्छरदाणी. मच्छर अगरबत्ती नको, तिचा धूर बाळाच्या छातीत जातो.

कागदांनी मी लोकांना रडताना पाहिले आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते आणि माता-बाल संरक्षण कार्ड सासरी कोनाड्यात राहते. त्या कार्डावर तिचा रक्तगट, हिमोग्लोबिन, इंजेक्शने, वाढलेला रक्तदाब, सगळे लिहिलेले असते. ते नसले की अनोळखी दवाखान्यात तपासण्या पुन्हा पहिल्यापासून. त्यातही सिकलसेल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार आहे. सिकलसेल असलेल्या बाईला बाळंतपणात कधीही रक्त लागू शकते. थंडी आणि अंगातले पाणी कमी होणे या दोन्ही गोष्टी तिला सोसत नाहीत. तिचा तपासणीचा कागद कार्डाला टाचूनच ठेवा, आणि रक्त द्यायला कोण येईल हे आधीच ठरवा. सोनोग्राफीचा रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड आणि तिच्या स्वतःच्या नावाचे बँक पासबुकही हवे. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे. तिचे पैसे खात्यात येतात, आणि आधारवर माहेरचे नाव व पासबुकावर सासरचे नाव असले की अडतात. हे काम सातव्या महिन्यातच उरकायचे असते. सिरोंच्याकडच्या बाया गोदावरी ओलांडून तेलंगणातही जातात. तिथे तर हे कागदच तुमची ओळख सांगतात. सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड रबराने बांधून ठेवा. नाला ओलांडताना कागद भिजले म्हणजे शाई वाहून जाते. त्याच पिशवीत एका चिठ्ठीवर आशाताईचा, गाडीवाल्याचा आणि घरचा नंबर लिहा, कारण रेंज नसते आणि मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. १०२ आणि १०८ हे आकडे मोठ्या अक्षरांत. सरकारी दवाखान्यात नेणे-आणणे, औषधे, रक्त आणि आईचे जेवण जून २०११ पासून मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस, शस्त्रक्रिया झाल्यास सात दिवस जेवण मिळते. सोबतिणीचे जेवण मात्र तुमचे तुम्ही बघायचे, म्हणून थोडी चिल्लर आणि पोहे-मुरमुरे ठेवा.

सोबतीण म्हणजे बाईच हवी. रात्री बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहू देत नाहीत. बाळंतीण माडिया किंवा गोंडी बोलणारी असेल तर जिला थोडे तरी मराठी येते अशीच सोबत न्या. दुखते कुठे, एवढे सांगता आले नाही म्हणून ताटकळलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

काय नेऊ नये, ते थोडक्यात. मध, गूळपाणी, गुटी, दुधाची बाटली, डब्याचे दूध, काजळ, पावडर, बेंबीवर लावायची राख किंवा हळद. बाळाला पहिल्या तासात आईचा चीक हवा आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको. मेच्या उन्हातही वरचे पाणी नको. पाणी आईने प्यावे.

पिशवी भरली की खुंटीला टांगा, उंदीर-वाळवी पोचणार नाही अशा जागी, आणि घरातल्या पोराटोरांनाही दाखवून ठेवा. तेंदूपत्त्याच्या हंगामात किंवा रोवणीच्या दिवसांत मोठी माणसे घरी नसतात. कळा नेमाने येऊ लागल्या, पाणी गेले, अंगावरून रक्त गेले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर पोराने पिशवी काढायची आणि आशाताईकडे धावायचे. आणखी काही बांधाबांध नको. दूरच्या, पुरात तुटणाऱ्या गावच्या बाईने तर कळांची वाटच पाहू नये. काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे. दिवस भरायच्या आधीच तिथे जाऊन राहता येते. आपल्या केंद्रात ते आहे का, हे आशाताईला विचारा. तेव्हा पिशवीत चार दिवसांचे कपडे जास्तीचे घाला.

परतीचा प्रवास सगळे विसरतात. दवाखान्यात सगळी फडकी वापरून ओली होतात आणि घरी निघताना बाळ पुन्हा त्याच उघड्या गाडीत, त्याच वाऱ्यात. म्हणून दोन कोरडी फडकी आणि एक टोपी वेगळ्या गाठीत बांधून पिशवीच्या तळाशी ठेवा आणि सुट्टी मिळेपर्यंत ती गाठ सोडू नका. घरी पोचल्यावर आशाताईला निरोप धाडा. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती बाळ बघायला येते. तिच्याही खांद्याला पिशवी असते, वजनकाट्याची.