नगरपरिषदेचा कारभार – लेखांक 7 : उद्यान उभारणे आणि उद्यान चालवणे

सार्वजनिक उद्याने पुरवणे हा नगरपरिषदेच्या कामाचा घटनात्मक भाग आहे. 1992 सालच्या 74व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील 18 विषयांत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची स्वतंत्र नोंद आहे. व्यवहारात मात्र पाणी, सफाई, दिवाबत्ती आणि रस्ते यांतून जे उरेल ते उद्यानांच्या वाट्याला येते. त्यातही दोन खर्चांची गल्लत होते. उद्यान उभारण्याचा पैसा बहुधा शासनाकडून एकदाच येतो, तर ते चालवण्याचा पैसा नगरपरिषदेला दरवर्षी स्वतःच्या तिजोरीतून काढावा लागतो. छोट्या शहरांतील बहुतेक उद्यानांची रया जाते ती या दुसऱ्या खर्चाचा विचार आधी न झाल्यामुळे.

जागा

नियोजनाची सुरुवात जागेपासून होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार शहराची विकास योजना तयार होते आणि तिच्यात उद्याने व क्रीडांगणे यांसाठी जमिनी आरक्षित केल्या जातात. आरक्षण पडले म्हणजे जागा मिळाली असे नव्हे. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम 127 खाली मालक सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची ठोस कारवाई न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. केवळ सभेत ठराव करणे किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवणे ही अशी कारवाई ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात स्पष्ट केले.

जमीन मिळवण्याचे तीन मार्ग कलम 126 मध्ये आहेत : मालकाशी वाटाघाट करून खरेदी, मोबदल्यात चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देणे आणि सक्तीचे भूसंपादन. छोट्या शहरात रोख मोबदला परवडत नाही आणि विकास हक्काला मोठ्या शहरासारखी मागणी नसते. म्हणून अभिन्यासातील खुल्या जागा फार मोलाच्या ठरतात. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाचा अभिन्यास करताना 10 टक्के क्षेत्र मोकळे ठेवावे लागते. अशा जागांची यादी करून हद्द मोजून घेणे आणि कुंपण घालणे हे उद्यान-नियोजनातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. नदीकाठच्या शहरांना आणखी एक सोय असते. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या पूररेषेने दाखवतात. तिच्या आत बांधकामाला मनाई असली तरी उद्यान, मैदान यांसारखे मोकळे वापर चालतात. मात्र तेथे महागडी खेळणी आणि विजेचे खांब उभे करणे म्हणजे पुढच्या पुराच्या हवाली करणे होय.

गरज आणि आराखडा

केंद्र सरकारच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. तेथील श्रेणीनुसार सुमारे 5,000 वस्तीमागे अर्ध्या हेक्टरचे आणि 15,000 वस्तीमागे एक हेक्टरचे उद्यान असावे. या हिशेबाने 50,000 लोकसंख्येच्या 'ब' वर्ग नगरपरिषदेला दहा लहान आणि तीन मध्यम उद्याने लागतात. सगळी एकदम होत नाहीत. त्यामुळे आहे त्या उद्यानांची पाहणी आधी करावी लागते. पाण्याची सोय, दिवे, स्वच्छतागृह, खेळण्यांची अवस्था, सावली आणि संध्याकाळची वर्दळ यांची प्रत्येक ठिकाणी नोंद केली आणि ती प्रभागांच्या नकाशावर मांडली, की कोणत्या वस्तीत मुलांना खेळायला जागाच नाही ते कळते. नव्या उद्यानापेक्षा जुन्याची दुरुस्ती बहुधा आधी येते.

आराखड्यातला प्रत्येक निर्णय पुढचा खर्च ठरवतो. हिरवळीला उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज साधारण 5 लिटर पाणी लागते असे धरले, तर एकरभर हिरवळ रोज 20,000 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दोन खेपा पिते. ज्या शहरात नळाला दिवसाआड पाणी येते तेथे ती टिकत नाही. कडुनिंब, करंज, बहावा, ताम्हण अशी झाडे, ठिबक सिंचन आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची जोडणी यांवर देखभाल निभावते. कारंजे बंद पडले की डासांचे टाके होते. त्याच पैशात स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 उताराचा मार्ग होऊ शकतो.

पैसा

भांडवली खर्चाला शासनाच्या अनेक योजना आहेत. राज्याचे नगरोत्थान महाभियान, वैशिष्ट्यपूर्ण कामांचे अनुदान, जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी हे नेहमीचे मार्ग आहेत. 2015 साली सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत योजनेत 500 शहरे होती आणि हिरव्या जागांसाठी वार्षिक आराखड्याच्या जास्तीत जास्त 2.5 टक्के रक्कम ठेवता येत असे. ऑक्टोबर 2021 पासूनच्या अमृत 2.0 मध्ये लहान शहरेही आली.

चालू खर्चाला मात्र हे पैसे उपयोगी पडत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांचे 60 टक्के अनुदान पाणी व स्वच्छतेला बांधून दिले. उरलेले 40 टक्के अबंधित असले तरी त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. माळी, पहारेकरी, वीजबिल आणि खत यांचा भार अखेर घरपट्टी आणि इतर स्वतःच्या उत्पन्नावर येतो. या भाराला हातभार लावणारे स्रोत थोडे आहेत : घरपट्टीच्या बिलातील वृक्ष कर, उपाहारगृहाचे भाडे, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आणि दत्तक योजना. प्रवेश शुल्क मोठ्या, खास उद्यानातच चालते. वस्तीतल्या लहान बागेत ते लावले, तर वसुलीसाठी ठेवलेल्या माणसाचा पगारही निघत नाही. दत्तक देताना जागेची मालकी, फलकाचा आकार आणि प्रवेशाचा हक्क करारात लिहून घ्यावा लागतो.

कामाचा क्रम

नगर अभियंता सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून अंदाजपत्रक करतो. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश या टप्प्यांनंतर काम सुरू होते. झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होऊन देयक निघते. या क्रमात ऋतूचा मेळ बसत नाही. निधी मार्चअखेर खर्च करण्याची घाई असते आणि लागवडीचा हंगाम जून-जुलैचा. मार्चमध्ये लावलेली रोपे मे महिन्यात वाळतात. त्यामुळे खोदकाम, कुंपण, पाइपलाइन आणि पायवाट यांची निविदा एक आणि लागवडीची निविदा दुसरी, असे दोन भाग केल्यास दोन्ही कामे वेळेवर होतात. लागवडीच्या निविदेतच तीन वर्षांची देखभाल घालून देयकाचा काही भाग जगलेल्या झाडांच्या मोजणीशी जोडला, तर ठेकेदाराला झाड जगवण्यात रस राहतो.

नगरपरिषदेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर सर्वसाधारण सभेत मंजूर होते. नव्या उद्यानाचा ठराव मांडताना त्यासोबत पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा तक्ता आणि त्यासाठीचे लेखाशीर्ष सभेपुढे ठेवणे हा सगळ्या नियोजनाचा कणा आहे. त्या तक्त्यातील रक्कम नगरपरिषदेला पेलणारी नसेल, तर आराखडा लहान करावा, टप्पे पाडावेत किंवा तोच पैसा आहे त्या उद्यानाच्या दुरुस्तीला द्यावा.