पडलेल्या हार्ड डिस्कमधील माहिती

निवासी शाळेच्या जनरल रजिस्टरचे मोल किती, हे जातपडताळणीसाठी जुनी नोंद शोधत आलेल्या पालकांस सांगावयास नको. अलीकडे अशा रजिस्टरांची स्कॅन केलेली पाने, दाखल्यांच्या प्रती, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे हार्ड डिस्कवर ठेवली जातात. ती टेबलावरून पडून टकटक आवाज करू लागली, की सारे गेले असे समजून आपण हळहळतो. वस्तुतः पडण्याने जेवढे जाते, त्याहून अधिक पुष्कळदा पडल्यानंतरच्या आपल्याच खटपटींनी जाते.

डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात. त्यांवरील चुंबकीय थरात माहिती असते आणि ती वाचणारे शीर्ष तबकडीला न टेकता अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. शिंदखेड्याच्या उन्हाळ्यात उडणाऱ्या धुळीचा बारीकसा कणही त्या अंतरापुढे डोंगरच! शीर्ष वाकलेले असताना डिस्क पुनःपुन्हा चालू केली, तर ते फिरत्या तबकडीवर घासते. खरवडलेला थर मग कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया अंतराळयान पृथ्वीवर परतताना भंगले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. काही महिन्यांनी, कोरड्या पडलेल्या तळ्यात सापडलेल्या अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क मिळाली. तिचे धूळ रोखणारे सील वितळून आत माती शिरली होती. अमेरिकेतील तज्ज्ञांनी तबकड्या रसायनाने धुतल्या, दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि झेनॉन वायूवरील प्रयोगाची सुमारे 99 टक्के माहिती वाचली. प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या उंचीवरून कोसळूनही हे साधले, कारण कोसळताना ती डिस्क फिरत नव्हती.

म्हणून आवाज बदलताच वीज तोडावी. फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा करू नये; आत दव धरते. पुरात भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नये, कारण गाळ वाळून तबकडीला चिकटतो. ओलसर असतानाच पिशवीत बंद करून पाठवावी. आणि झाकण उघडणारा दुकानदार कितीही ओळखीचा असला, तरी त्याला हात लावू देऊ नये. हे काम धूळमुक्त कक्षातच होते. तेथे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे शीर्ष काढून बसवतात. नुसती बाहेरची हिरवी पाटी बदलून नव्या डिस्क सहसा चालत नाहीत, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्या पाटीवरील चिपमध्ये नोंदलेली असते.

त्यानंतर तबकड्यांची जशीच्या तशी प्रत काढतात आणि फाइलींचा शोध त्या प्रतीवरच घेतात. खर्च पुष्कळ येतो. अंदाज आधी लेखी मागावा. आपल्याला काय अगोदर हवे, तेही सांगावे: रजिस्टरची पाने आधी, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे नंतर. उसने शीर्ष केव्हा थांबेल याचा नेम नसतो.