गिऱ्हाइकासोबतचे काम : कोणता फळा बरा?

पीपलरावांची मुले इंदूर-देवासच्या गिऱ्हाइकांसाठी वेबसाइटची किंवा छपाईची कामे घेऊ लागली, की पहिली कुरबुर पैशाची नसते; ‘हे आम्ही सांगितलेच नव्हते’ ही असते. व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरी येते खरी, पण सुप्रभातांच्या गर्दीत ती महिन्याभराने सापडत नाही आणि तेच काम पुन्हा फुकट करावे लागते.

यासाठी खास सोयी आहेत. २०११ साली आलेला ट्रेलो म्हणजे फळ्यावरच्या चिठ्ठ्या : ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’. ही युक्ती जपानच्या टोयोटा कारखान्यातल्या कानबान पद्धतीची. शिकायला सोपा, मात्र फळ्यावर घेतलेल्या गिऱ्हाइकाला त्यावरचे सगळेच दिसते, आपसांतली चर्चासुद्धा. २००४ च्या बेसकॅम्पमध्ये त्याला काय दाखवायचे ते आपण ठरवतो. चेन्नईच्या झोहोचे ‘प्रोजेक्ट्स’ कामाचे तासही नोंदते, म्हणून तासांवर बिल असेल तर ते बरे. साध्या दुकानदाराला मात्र त्यातले रकाने पाहूनच घाम फुटतो!

एकट्याने काम करत असाल तर ट्रेलो पुरे. मंजुरी त्या-त्या चिठ्ठीखालीच लिहून घ्या. गिऱ्हाईक फोनवरच बोलणारे असेल, तर फोन ठेवताच तारीख घालून दोन ओळी आपणच तिथे लिहाव्यात आणि त्याला दाखवाव्यात.