कण्याचा आधार : धातू कोणता, हाड कशाचे?

पाठीच्या कण्याची वक्रता, म्हणजेच स्कोलिओसिस, बहुधा वाढीच्या वयात लक्षात येते. एक खांदा उंच दिसतो. पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू वर येते. वक्रता ४५ ते ५० अंशांपुढे गेली की शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि घरातील मंडळी विचारतात, "सर्वांत उत्तम इम्प्लांट कोणते?"

महाग तेच उत्तम, हा हिशेब येथे लागू पडत नाही. अमेरिकेतील डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी १९५०च्या दशकात पोलिओग्रस्त मुलांसाठी स्टीलचा दांडा व हुक यांची पद्धत विकसित केली. आज मणक्यांत स्क्रू बसवून ते दोन दांड्यांना जोडतात. स्टील मजबूत व तुलनेने स्वस्त असते. मात्र त्यात निकेल असल्याने अ‍ॅलर्जीची चौकशी आवश्यक ठरते. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे पुढे एमआरआय अधिक स्पष्ट निघतो. परंतु दांडा वाकवताना त्यावर खाच पडल्यास तो तेथे कमकुवत होतो. कोबाल्ट-क्रोमचा दांडा अधिक ताठ असतो व कडक वक्रतेत आकार टिकवतो. एमआरआयमध्ये मात्र त्याची छाया अधिक पडते. लहान मुलांची वाढ बाकी असेल, तर लांबवता येणाऱ्या दांड्यांचा विचार होतो.

तथापि धातूचे काम मणके एकमेकांशी जुळून येईपर्यंत आधार देण्याचे आहे. हाड जुळले नाही, तर भक्कम दांडाही कालांतराने तुटू शकतो. म्हणून बोन ग्राफ्टची निवड तितकीच महत्त्वाची. ते रुग्णाच्याच हाडाचे, मानवी दात्याचे किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारख्या खनिजाचे असू शकते. हाडाच्या वाढीला चालना देणारे बीएमपी हे प्रथिन मात्र बहुधा गाईच्या कोलॅजेनपासून बनवलेल्या स्पंजातून देतात. काही कृत्रिम पट्ट्यांतही असे कोलॅजेन असते. अहिंसा पाळणाऱ्या कुटुंबाने हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावा. पर्याय बहुधा उपलब्ध असतात. त्यांचे गुणदोष शल्यविशारदांकडून समजून घ्यावेत.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : धातू कोणता व तोच का, ग्राफ्ट कशाचे, पुढे एमआरआय करता येईल का, आणि दांडा तुटल्यास उपाय काय. इम्प्लांटच्या वेष्टनावरील बॅच क्रमांकाचे स्टिकर मागून घ्यावे व डिस्चार्ज कार्डासोबत जपून ठेवावे. दुकानात येणाऱ्या मालाची पारख करणाऱ्या घराने मुलाच्या पाठीत आयुष्यभर राहणाऱ्या वस्तूची चौकशी करताना संकोच बाळगू नये.