प्रतिष्ठित मोटार आणि आडवाट

जुन्या घराण्यानें नवा व्यवसाय पतकरावा कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाहीं. अग्निहोत्र्याच्या नातवानें बियाण्यांचें दुकान मांडलें, कीर्तनकाराचा मुलगा लोखंडाच्या कारखान्यांत हिशेबनीस झाला, किंवा शास्त्रीबोवांच्या वाड्यांत खानावळ निघाली, कीं घरोघर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतात, 'घराण्याचें नांव बुडालें'. कोणी म्हणतात, 'नांव काय चाटावयाचें आहे? पोट भरलें पाहिजे.' आमचें जालना बियाणें आणि लोखंड या दोन धंद्यांवर नांवारूपास आलेलें; त्यामुळें असल्या चर्चा आमच्या कानांवरून पुष्कळ गेल्या आहेत. हाच प्रश्न मोटारींच्या जगांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे. ज्या कारखान्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राजेरजवाडे आणि धनिक यांच्यासाठीं ठेंगण्या, मऊ चालीच्या, ऐटदार गाड्या घडविल्या, त्यांनीं आतां उतारवयांत चिखलांतून, दगडधोंड्यांतून आणि ओढ्याच्या पाण्यांतून चालणारी रांगडी गाडी विकावी काय? प्रश्न परदेशचा दिसतो खरा. परंतु यांपैकीं दोन विख्यात नांवांची मालकी आज मुंबईंत आहे. म्हणून तो आपलाहि आहे.

आमच्या जिल्ह्यास तर त्याचा विशेष संबंध पोंचतो. इ. स. २०१० च्या ऑक्टोबर महिन्यांत शेजारच्या औरंगाबाद शहरांतील, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांतील, व्यावसायिकांनीं एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीझ गाड्या घेतल्या. सुमारें ६५ कोटि रुपयांचा तो सौदा देशभर गाजला, आणि मराठवाड्यांतहि पैसा आहे हें जगास कळलें. पुढें समृद्धि महामार्ग आला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, व ५ जून २०२५ रोजीं तो ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. जालना जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर ठेंगणी मोटार पाण्यावरील हंसाप्रमाणें चालते. परंतु महामार्ग सोडून परतूर, मंठा वा घनसावंगीकडील एखाद्या पाणंदीस लागावें, कीं आपली काळी माती स्वागतास उभी! ही माती पाणी पिऊन फुगते, चाकास लपेटते, आणि टायरच्या खांचा अशा बुजवून टाकते, कीं तो निव्वळ गुळगुळीत गोळा होऊन जागच्या जागीं फिरत राहतो. एकाच जिल्ह्यांत हीं दोन युगें शेजारीं शेजारीं नांदतात. तेव्हां गाडी ठेंगणी असावी कीं उंच, नाजूक असावी कीं रांगडी, हा आम्हांस केवळ हौसेचा विषय नाहीं.

आतां, ऐषआरामाची गाडी आणि आडवाट यांचें मुळांतच वैर आहे असें जें मानलें जातें, तें इतिहासास धरून नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं रस्तेच धड नव्हते. त्यामुळें जी मोटार उत्तम, ती भक्कम असावयाचीच. रोल्स-रॉइस कंपनीची 'सिल्व्हर घोस्ट' ही त्या काळची सर्वांत प्रतिष्ठित गाडी. जालना ज्या राज्यांत होतें, त्या निजामाच्या दरबारासाठींहि ती घडविली गेली होती. परंतु तिच्याच सांगाड्यावर पोलादी चिलखत चढवून पहिल्या महायुद्धांत इंग्रजांनीं ती अरबस्तानच्या वाळवंटांत लढाईस नेली. आपल्या कित्येक संस्थानिकांनीं जंगलांतील शिकारीसाठीं मुद्दाम रोल्स-रॉइस गाड्या बनवून घेतल्या. पुढें रस्ते सुधारले. गाड्या जमिनीजवळ आल्या, वेगवान झाल्या, नाजूक झाल्या. म्हणजे नाजूकपणा हा या घराण्यांचा मूळ स्वभाव नव्हे; सडकेच्या सोबतीनें मागाहून लागलेली ती संवय आहे. त्याच रोल्स-रॉइसनें २०१८ सालीं 'कलिनन' नांवाची उंच गाडी काढली, तेव्हां अनेकांनीं नाकें मुरडलीं. परंतु पणजोबांचा इतिहास त्यांस ठाऊक नसावा.

या प्रश्नावर सर्वांत बोधप्रद उदाहरण इंग्लंडांतील रोव्हर कंपनीचें आहे. हें घराणें मूळचें सायकलींचें. इ. स. १८८५ मध्यें जॉन केंप स्टार्ले यानें 'रोव्हर' नांवाची जी सायकल काढली, तिच्याच धर्तीवर आजच्या सायकली चालतात. १९०४ पासून कंपनी मोटारी करूं लागली. तिच्या गाड्या डॉक्टर, वकील, बँकेचे व्यवस्थापक अशा सभ्य, सुस्थित गृहस्थांच्या. भपका नाहीं, पण लाकूडकाम आणि कातडें उत्तम. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत पोलादाची टंचाई पडली. जो माल परदेशीं खपेल त्यासच पोलाद, असा सरकारी दंडक झाला. रोव्हरच्या महागड्या गाड्यांस परदेशीं फारसें गिऱ्हाईक नव्हतें. कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांची अँगल्सी बेटावर शेती होती, आणि तेथें ते लष्करानें विकलेली एक जुनी अमेरिकन जीप वापरीत. तिच्यावरून त्यांस कल्पना सुचली, कीं शेतकऱ्याच्या उपयोगाची अशीच गाडी आपण कां करूं नये? पोलाद नाहीं, तर वरचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें करूं. अशा रीतीनें ३० एप्रिल १९४८ रोजीं ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत 'लँड रोव्हर' लोकांपुढें आली. अडचणीचीं दोन-तीन वर्षें निभावून नेण्यापुरती ही सोय, असा चालकांचा अंदाज होता. परंतु थोड्याच काळांत तिचा खप रोव्हरच्या मोटारींहून पुढें गेला. १९७० सालीं त्याच घरांत 'रेंज रोव्हर' जन्मली, आणि नांगरटींतून चालणारी गाडी सरदाराच्या दिवाणखान्याइतकी सुखद असूं शकते, हें तिनें सिद्ध केलें.

पुढील इतिहास मन विषण्ण करणारा आहे. रोव्हरचें मूळ घराणें हातोहात विकलें जात राहिलें, आणि २००५ सालीं त्याचा मोटारींचा कारखाना बंद पडला. हजारों कामगार घरीं बसले. लँड रोव्हर मात्र जगली. २००८ च्या जूनमध्यें टाटांनीं फोर्ड कंपनीकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर सुमारें २३० कोटि डॉलरांस विकत घेतल्या. २०११ पासून पुण्यास लँड रोव्हरच्या कांहीं गाड्यांची जोडणी होऊं लागली, आणि २०२४ पासून रेंज रोव्हरचीहि होते. आपत्काळांत लावलेलें रोपटें वटवृक्ष झालें, आणि ज्या अंगणांत तें लावलें होतें तें घरच उरलें नाहीं!

यावरून 'जुन्या घराण्यानें अवश्य रांगडी गाडी काढावी' असा सरसकट सिद्धांत मांडण्याचा मोह होतो. परंतु शेजारीं जॅग्वारचें उदाहरण आहे. विल्यम लायन्स यांनीं १९२२ सालीं मोटारसायकलींच्या जोडगाड्या करण्यापासून आरंभ केला. १९३५ मध्यें 'जॅग्वार' हें नांव प्रथम गाडीस दिलें, व १९४५ मध्यें तें कंपनीचेंच झालें. १९६१ ची 'ई-टाइप' आणि १९६८ ची 'एक्सजे' यांच्या रूपाची कीर्ति जगभर झाली. ठेंगणेपणा, डौल आणि वेग हेंच या घराण्याचें शील. अशा जॅग्वारनें २०१५ मध्यें 'एफ-पेस' ही उंच गाडी दाखविली आणि २०१६ पासून विकली. ती वाईट होती काय? मुळींच नव्हे. २०१७ सालीं तिला जगांतील सर्वोत्तम मोटारीचा बहुमान मिळाला, आणि घराण्यांत सर्वाधिक खपणारी गाडी तीच ठरली. तरीहि घराणें सांवरलें नाहीं. उंच गाडी हवी असलेल्या गिऱ्हाइकास त्याच मालकाच्या दुसऱ्या दुकानांत लँड रोव्हर मिळत होती; आणि डौलदार जॅग्वार हवी असलेला रसिक मात्र हळूहळू दुरावला. अखेर २०२४ च्या सुमारास कंपनीनें ब्रिटनमध्यें नव्या गाड्यांची विक्री थांबविली, आणि यापुढें केवळ विजेवर चालणाऱ्या, ठेंगण्या, अतिशय महाग गाड्याच करूं असा संकल्प सोडला. स्वधर्म आणि परधर्म यांचा विवेक कुरुक्षेत्रापुरताच नाहीं, तो कारखान्यांतहि लागू पडतो, असें यावरून म्हणावेंसें वाटतें.

तिसरें उदाहरण आपल्या घरचें. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यांतून निघालेली फियाट, पुढें 'प्रीमियर पद्मिनी' झाली. श्रीमंतांच्या जगांत ती ऐषआरामाची गाडी नसेल. परंतु नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणाऱ्या मध्यम कुटुंबास ती दारांतला ऐरावतच होती. पद्मिनीचे दिवस सरल्यावर, २००९ सालीं, याच कंपनीनें 'रिओ' नांवाची छोटी उंच गाडी बाजारांत आणली. तिचा सांगाडा एका चिनी कंपनीचा, आणि त्या चिनी गाडीचें मूळ जपानी. लोकांचें प्रेम पद्मिनीवर होतें. तें उसन्या देहावर नुसतें नांव लिहून कसें मिळावें? रिओ आली तशी गेली. पद्मिनी मात्र मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होऊन ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली, आणि ती निघाली तेव्हां लोक हळहळले.

या तीन उदाहरणांचा मेळ कसा घालावा? माझ्या मतें भेद गाडीच्या उंचीचा नाहीं. भेद गरजेच्या आणि सामर्थ्याच्या खरेपणाचा आहे. लँड रोव्हर शेतकऱ्याच्या खऱ्या अडचणींतून जन्मली, आणि ती अडचण दूर करण्याचें बळ तिच्या अंगीं होतें. आडवाटेवर चालावयास नुसता उंच बांधा पुरत नाहीं. इंजिनाची शक्ति चारी चाकांस पोंचावी लागते. चढावर सावकाश पण जोरानें ओढण्यासाठीं गिअरांची वेगळी, हळू गतीची जोडी लागते. एक चाक चिखलांत फिरूं लागलें तर सारी शक्ति तिकडेच वाया जाऊं नये म्हणून दोन्ही चाकें एकत्र बांधणारी कळ लागते. आजची लँड रोव्हर 'डिफेंडर' ९०० मिलिमीटर खोल पाण्यांतून जाऊं शकते. हें सारें ज्या गाडींत आहे तीस रांगडी म्हणावें. ज्या गाडीस केवळ उंच टायर, छपरावर कठडा आणि दरवाजांवर काळ्या पट्ट्या आहेत, तिनें रांगडेपणाचें सोंग घेतलें आहे इतकेंच. सोंगाड्यास रंगमंचावर टाळ्या मिळतात. काळ्या मातींत मिळत नाहींत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कारखाना चालला तरच कामगार जगतो. लोक उंच गाड्या मागतात, तर त्या विकून जुनी कला जगविण्यांत पाप कोणतें? जर्मनींतील पोर्श कंपनीनें २००२ मध्यें 'केयेन' ही उंच गाडी काढली. तिच्या खपानें कंपनीस बळ आलें, आणि तिची पुरातन '९११' ही शर्यतीच्या धाटणीची गाडी आजहि निघते. हें खरें आहे. परंतु पोर्शनें केयेन विकतांना ९११ कडे दुर्लक्ष केलें नाहीं. नव्या दुकानाच्या मिळकतींतून जुन्या देवघरांतला नंदादीप तेवत ठेवला. ज्या घराण्यांत नवा धंदा आल्यावर देवघराला कुलूप लागतें, तेथें मिळकत वाढते आणि घराणें संपतें.

शेवटीं घेणाऱ्याविषयीं चार शब्द, कारण वाचक विकणारे नसून घेणारे आहेत. महामार्गासाठीं जमीन देऊन ज्यांस मोबदला मिळाला, किंवा ज्यांचीं मुलें पुण्यास व परदेशीं मिळवितीं झालीं, अशा कुटुंबांत थोर नांवाची उंच गाडी घेण्याची इच्छा होणें स्वाभाविक आहे. परंतु कोटीच्या घरांतील गाडी कोणी पाणंदींतून नेत नाहीं; ओरखडा पडेल या भीतीनें ती अंगणांतच उभी राहते, आणि शेतावर जावयास बोलेरो नाहीं तर ट्रॅक्टरच लागतो. तिचा एखादा भाग मोडला तर तालुक्याच्या गांवीं दुरुस्ती होत नाहीं, मोठें शहर गांठावें लागतें. मग जें सामर्थ्य आपण कधींच वापरणार नाहीं, त्यासाठीं मुलांच्या शिक्षणाच्या आणि म्हातारपणाच्या पुंजींतून रक्कम काढावी काय, याचा विचार कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वींच व्हावा. जमिनीचा मोबदला एकदांच येतो. हप्ता मात्र महिन्याचे महिन्यास येतो.

सारांश, वृद्ध आणि प्रतिष्ठित घराण्यानें रांगडी गाडी अवश्य विकावी; पण तीन अटींवर. ती खरोखर आडवाटेची असावी, ती त्याच्याच कारागिरांनीं आपल्या बुद्धीनें घडविलेली असावी, आणि तिच्यापायीं मूळ विद्या टाकून देऊं नये. या तीन अटी पाळतां येत नसतील, तर घराण्यानें थोडें विकावें, पण आपलें विकावें. बियाण्यांचें दुकान काढणाऱ्या अग्निहोत्र्याच्या नातवासहि मी हेंच सांगेन: बियाणें अस्सल ठेव, तें स्वतः पारखून दे, आणि घरांतील अग्नि विझूं देऊं नकोस.