मनगटावरचे आरोग्य-घड्याळ : त्याला काय कळते, काय कळत नाही

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत. पहिल्या-दुसऱ्या पगारातून आईवडिलांसाठी काही वस्तू घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी ती साडी, चष्मा किंवा दूरचित्रवाणी संच असे. आता त्या यादीत मनगटावर बांधायच्या आरोग्य-घड्याळाची, बाजारात ज्याला स्मार्टवॉच किंवा फिटनेस बँड म्हणतात त्याची, भर पडली आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीत ते हजार-दीड हजार रुपयांना मिळते. मोठ्या दुकानांत त्याच्या तीस-चाळीस पट किमतीचेही मिळते. ‘वडिलांना शुगर आहे, हे घड्याळ घेतले तर रोजच्या रोज कळेल ना?’ हा प्रश्न आम्हा शिक्षकांना मेळाव्यांत वारंवार विचारला जातो. प्रस्तुत लेखाचे कारण तो प्रश्नच आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु ते तसे का, आणि तरीही हे यंत्र कोणत्या कामाचे आहे, हे विचारणाऱ्याला समजावून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

घड्याळ उलटे करून पाहिले तर त्याच्या पाठीवर बारीक हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते. त्या क्षणी प्रकाश अधिक शोषला जातो आणि परत फिरणारा प्रकाश किंचित कमी होतो. शेजारचा संवेदक ही घट-वाढ टिपतो आणि तिच्या लयीवरून नाडीचे ठोके काढतो. दुसरा संवेदक हालचालीचा. चालताना हात पुढेमागे झुलतो, त्या झोक्यांवरून तो पावले मोजतो. महागड्या घड्याळांत जीपीएस असते, हवेच्या दाबावरून चढ ओळखण्याची सोय असते. पुष्कळशा साध्या घड्याळांत मोजण्याची साधने मुख्यत्वे ही दोनच असतात. उष्मांक, झोपेचे टप्पे, मनाचा ताण असे जे आकडे पडद्यावर उमटतात, ते बहुतांशी या मोजमापांवरून बांधलेले तर्क असतात. मोजलेला आकडा आणि तर्काने काढलेला आकडा हा भेद ज्याच्या लक्षात राहिला, त्याला या यंत्राची अर्धी परीक्षा करता आली असे समजावे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हा भेद स्पष्ट दिसला. ६० स्वयंसेवकांवर सात उपकरणे तपासली गेली. सातांपैकी सहा उपकरणांच्या नाडीच्या ठोक्यांतील चूक पाच टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या उष्मांकांचा अंदाज मात्र एकालाही जमला नाही. सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. ‘आज पाचशे कॅलरी जाळल्या’ म्हणून संध्याकाळी वडापावाची मुभा घेणाऱ्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

आता या यंत्राचे गुण पाहू. ते खरे आहेत आणि ते नाकारण्याचा आमचा हेतू नाही. पहिला गुण म्हणजे ते माणसाला चालायला लावते. अशा उपकरणांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’ या नियतकालिकात आला. ही उपकरणे वापरणारे लोक दिवसाला सरासरी १,८०० पावले अधिक चालतात असे त्यात आढळले. वजनातली घट मात्र सरासरी एका किलोच्या आसपासच होती. दुसरा गुण अधिक मोलाचा वाटतो. विश्रांतीच्या वेळची आपली नाडी महिनोन्महिने किती असते, याची नोंद घड्याळ आपोआप ठेवते. एखाद्या आठवड्यात ती कारणावाचून दहा-पंधरा ठोक्यांनी वाढलेली दिसली, तर ताप, अपुरी झोप किंवा अन्य काही बिघाड आहे का हे पाहण्याची सूचना मिळते. तिसरा गुण हृदयाच्या अनियमित लयीसंबंधी आहे. ॲपल कंपनीच्या घड्याळावर चार लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे अर्ध्या टक्का लोकांना घड्याळाने अनियमित लयीची सूचना दिली. त्यांतील ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांत तो दोष त्या तपासणीच्या काळातही आढळला. पक्षाघाताचा झटका येण्यापूर्वी ही सूचना मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. अर्थात ही सोय हजार रुपयांच्या घड्याळात असेलच असे नाही.

रोज दहा हजार पावलांच्या नेमाविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण तो आकडा आता श्रद्धेचा विषय झाला आहे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचे होते. तो आकडा तिथून जगभर पसरला. २०१९ मध्ये सोळा हजारांहून अधिक वृद्ध अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले की, रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते आणि ७,५०० पावलांच्या पुढे लाभ फारसा वाढत नव्हता. आपल्या आजी-आजोबांना दहा हजारांचा धाक घालण्याचे कारण नाही.

परंतु पावले कोणाची मोजली जातात? हे यंत्र ज्यांनी घडवले, त्यांच्या डोळ्यांसमोर मोकळ्या हातांनी फिरायला निघालेला माणूस होता. आपल्या पालकांपैकी कित्येकांचे हात दिवसभर मोकळे नसतात. कचऱ्याची ढकलगाडी लोटणाऱ्या ताईंचे दोन्ही हात दांड्यावर घट्ट असतात. हात झुलत नाही म्हणून पावले नोंदली जात नाहीत. डोक्यावर पाटी आणि ती धरायला वर केलेला हात, तिथेही तेच. उलट भाकरी थापताना किंवा कपडे आपटताना बसल्या जागी पावले पडू शकतात आणि खड्ड्यांतून दुचाकी हाकणाऱ्या पुणेकराच्या खात्यावरही काही पावले फुकट जमा होतात. अतिशय संथ चालणेही काही घड्याळांतून निसटते, तेव्हा सकाळी चंक्रमण करणाऱ्या उपासकांनी पडद्यावरचा आकडा पाहून खंतावू नये. आणखी एक अडचण आमच्या आयांच्या मनगटावर कायमची लिहिलेली आहे. गोंदणाची शाई प्रकाश अडवते, त्यामुळे गोंदलेल्या जागी नाडीची नोंद चुकू शकते. घड्याळ दुसऱ्या हाताला बांधून पाहणे, एवढाच त्यावर साधा उपाय आहे.

रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या उपकरणांबाबतही रंगाचा प्रश्न उभा राहिला आहे. रुग्णालयात बोटाला लावतात त्या चिमट्याने काळ्या वर्णाच्या रुग्णांमधील प्राणवायूची धोकादायक कमतरता गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा निसटते, असे २०२० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले. रुग्णालयातील यंत्राची ही स्थिती असेल, तर मनगटावरच्या आकड्यावर सावळ्या माणसाने किती विसंबावे, हे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे, साखरेकडे येऊ. त्वचेला न टोचता, केवळ घड्याळ किंवा अंगठी घालून रक्तातील साखर मोजणारे एकही उपकरण आपण मान्य केलेले नाही, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. तरीही तसे लिहिलेले खोके बाजारात सर्रास दिसतात. दंडाला चिकटवायचा आणि बारीक तंतू त्वचेखाली ठेवणारा संवेदक वेगळा. त्याचा आकडा घड्याळावर दाखवता येतो, पण तो मोजतो संवेदक. पडद्यावरची खोटी साखर पाहून कोणी गोळी कमी केली किंवा इन्सुलिन वाढवले, तर जिवावर बेतू शकते. रक्तदाबाचेही जवळपास असेच आहे. काही चांगली घड्याळे तो सांगतात, पण त्यासाठी दंडाला पट्टा बांधून मोजलेल्या रक्तदाबाशी त्यांचा मेळ ठरावीक काळाने पुन्हा घालावा लागतो.

इथे आपल्याच शहरातील एका संशोधनाची ओळख करून देणे अगत्याचे आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३, म्हणजे उत्तम. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. भारतीय माणूस वरून सडपातळ दिसतो आणि आतून चरबी बाळगतो, हे दोन आकड्यांत कळावे असे ते उदाहरण आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिक यांच्या चमूने गरोदर मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो, तरीही आपल्या बारक्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली आढळली. आईच्या पोटात असताना झालेल्या आबाळीची खूण मूल पुढे आयुष्यभर बाळगते आणि त्यातून मधुमेहाचा धोका वाढतो, असा विचार या संशोधनातून पुढे आला.

आपल्या पालकांपैकी किती जण १९७२ च्या दुष्काळाच्या मागेपुढे, रोजगार हमीच्या खडीवर राबणाऱ्या आईच्या पोटी जन्मले असतील! ते आज पन्नाशीत आहेत. अंगाने किडकिडीत, दिवसभर राबणारे. त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधले तर वजन ठीक, पावले बारा हजार, नाडी उत्तम असेच दिसेल, आणि आत साखर तीनशेवर गेलेली असू शकेल. मूत्रपिंड आणि डोळे बिघडेपर्यंत ते कळणार नाही. म्हणून घड्याळ घेण्याआधी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी करून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. ती काही शे रुपयांत होते. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह आणि रक्तदाबाची प्राथमिक तपासणी शासनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते, हे आपल्या वस्त्यांत अजून अनेकांना ठाऊक नाही.

शेवटी एका वेगळ्या दोषाचा उल्लेख केला पाहिजे. तो यंत्राच्या मोजण्यातला नाही. नागपूर महानगरपालिकेने आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस असलेली घड्याळे बांधली. कामगार ठरवून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, हे त्यावरून दूरच्या पडद्यावर दिसते. चंदीगडमध्येही अशीच घड्याळे आली आणि तिथल्या कामगारांनी त्यांना विरोध केला. झाडू हाती असलेल्या माणसावर पाळत आणि त्याच्या साहेबाच्या मनगटावर मात्र स्वेच्छेचा छंद, यातील विषमता आपल्या समाजाला उलगडून सांगावी लागत नाही. घड्याळ तेच असते. त्याचा आकडा कोण वाचतो आणि वाचून काय करतो, यावर ते औषध ठरते की बेडी. आपण हौसेने घेतलेल्या घड्याळाची माहितीही कंपनीच्या संगणकात जातेच. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आपल्याकडे संमत झाला आहे. त्यात आपल्या संमतीला महत्त्व आहे, म्हणून ॲप सुरू करताना विचारल्या जाणाऱ्या प्रत्येक परवानगीला डोळे मिटून ‘होय’ म्हणू नये. मुलांच्या नावाने खाते उघडताना तर विशेष सावध राहावे.

ज्यांनी घड्याळ आधीच घेतले आहे, त्यांनी ते मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटे वर, बांगड्यांना न लागता, घट्ट पण न रुतेल असे बांधावे. पहिला महिना कोणताही निष्कर्ष न काढता फक्त आपली नेहमीची नाडी किती असते ते पाहावे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर पडदा ‘सर्व ठीक’ दाखवत असला तरी दवाखाना गाठावा, आणि जाताना घड्याळातील मागील दोन-तीन महिन्यांची नाडीची नोंद डॉक्टरांना दाखवावी.