दादाचा डबा

आमच्याकडे कॉफी घरी भाजतात, असे सांगितले की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "का हो, बाजारात मिळत नाही?" मिळते. शेंगदाणेही भाजलेले मिळतात, तरी ते आपण घरी भाजतोच. चकलीच्या भाजणीसाठी तासभर कढईपुढे उभे राहिले तर कोणाला नवल वाटत नाही. कॉफीचेच नवल वाटते, कारण मराठी घरात ती मूळची पाहुणी. उपासाच्या दिवशी, नाहीतर मुलगी पाहायला आलेल्या मंडळींपुढे, दुधात उकळून आलेली. तिच्यात कॉफी किती आणि जायफळ किती, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

मला हा नाद लागला माटुंग्याला. १९६८-६९ च्या सुमारास आम्ही तिथे राहत होतो. शेजारी तंजावरकडचे कुटुंब होते आणि त्यांच्या आजींना सारा मजला 'पाट्टी' म्हणे. दर रविवारी सकाळी पाट्टी गॅलरीत कोळशाची शेगडी पेटवीत आणि तिच्यावर पत्र्याचे एक नळकांडे ठेवीत. त्याला लांब दांडा होता. तो फिरवत राहण्याचे काम माझ्या थोरल्या भावाचे, दादाचे. मी फक्त वास घ्यायचा. बदल्यात दोघांना पितळी पेल्यातून घोटभर कॉफी मिळे. ही गोष्ट आईला सांगायची नाही, असा तिघांचा करार होता.

पुढे नोकरीत आणि संसारात हे सारे मागे पडले. २०१९ साली निवृत्त झालो आणि त्याच वर्षी एका मित्राने चिकमगळूरहून दोन किलो कच्ची बी आणून दिली. तिथल्या डोंगरांना बाबा बुडन या सूफी साधूचे नाव आहे. सतराव्या शतकात त्याने येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि या डोंगरांत लावल्या, अशी कथा सांगतात. माझ्या मित्राला काही लपवावे लागले नाही. पिशवी फाटून बिया गाडीभर झाल्या, एवढेच.

नळकांडे कुठले मिळायला! मी बिडाची कढई घेतली. कच्ची बी करडट हिरवी असते, तिला वाळल्या गवतासारखा वास येतो. आचेवर सारखी हलवत राहिले की ती पिवळी पडते, मग पाव भाजल्यासारखा वास सुटतो आणि सालपटे स्वयंपाकघरभर उडू लागतात. (त्या सालपटांविषयी आमच्या घरातले मत छापण्याजोगे नाही.) दोनशे अंशांच्या आसपास तापली की बी आतल्या वाफेने तडकते, लाह्या फुटतात तसा आवाज येतो. इथून पुढे सारा क्षणांचा हिशोब. फार थांबलात तर दुसरी, बारीक तडतड सुरू होते, तेल वर येते आणि मग उरतो तो कोळसा. उतरवल्यावरही बी आतल्या आत भाजतच असते, म्हणून मी ती सुपात ओतून पाखडतो. गारही होते आणि सालपटेही जातात. अडीचशे ग्रॅमचे जेमतेम दोनशे-दोनशेदहा भरतात. लगेच मात्र दळायची नाही. एक-दोन दिवस आतला वायू बाहेर पडू द्यावा, मग चव येते.

या कॉफीचा एक स्वभाव आहे. कच्ची बी नीट ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते. भाजली की दोन-तीन आठवड्यांत तिचा वास उतरू लागतो. पिणारे आम्ही दोघे, आणि माझा नाद दर आठवड्याला भाजण्याचा. वाटल्यावाचून गत्यंतर नव्हते. स्टीलचे डबे आणले. एका मित्राने "वा, काय सुगंध!" असा फोन केला, पुढे त्याच्याकडे गेलो, तर डब्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. विहीणबाईंनी जायफळ घालून "आता कुठे चव आली" असे कळवले. बंगळूरची भाची म्हणाली, "मामा, इथे कॉफी पाठवणे म्हणजे कोकणात नारळ पाठवणे!" पण डबा ठेवून घेतला.

राहता राहिला दादा. २०१६ साली गावचे घर विकले, तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. वाटणीचे आकडे इथे सांगत नाही. दोघांनाही आपापले आकडे पाठ आहेत. २०२२ साली मी एक डबा वहिनींच्या हाती दिला. आठ दिवसांनी तो परत आला. घासूनपुसून, रिकामा. आपल्याकडे दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. वहिनी हे विसरणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या डब्याकडे मी बराच वेळ पाहत बसलो.

दुसराही तसाच आला. तिसरा द्यायला सौभाग्यवतींचा विरोध होता. तरी दिला. या खेपेलाही साखर नव्हती, पण औषधाच्या बिलाच्या पाठीवर दादाच्या अक्षरात लिहिलेले होते : 'आच मोठी ठेवतोस. बाहेरून करपते, आत कच्ची राहते. पाट्टी घाई करीत नसत.'

तीन वर्षे डबे वाटत होतो. खरे मत आले ते एवढेच. मी एक बी दाताखाली फोडून पाहिली. दादाचे बरोबर होते.

पुढच्या वेळी आच उतरवली आणि अकराऐवजी सोळा मिनिटे उभा राहिलो. त्या डब्याला उत्तर आले नाही. रविवारी सकाळी दादाच आला. दारात नाक वर करून त्याने वास घेतला, चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातातला झारा घेतला.

"सर बाजूला," तो म्हणाला.

घराचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. तो अजूनही निघालेला नाही. सत्तरी गाठलेला माणूस कढईपुढे उभा राहतो आणि मला खुर्ची दाखवतो. वास घेण्याचे काम पुन्हा माझ्याकडे आले आहे.

गेल्या दिवाळीत फराळाबरोबर कॉफीचे नऊ डबे गेले. दादाचा डबा त्याने आपल्या हातांनी भरला. शिगोशीग भरला, आणि झाकण लागेना तेव्हा वरच्या चार बिया तोंडात टाकल्या.